मशीनवरच्या अक्षता

मागील पानावरून

शेवगावच्या पेठेत त्या काळी दोन घड्याळं होती. एक कचेरीच्या भिंतीवरचं, ते बंद. दुसरं गोदातीर बँकेच्या हेडक्लार्कचा गळा, तो चालू.

संध्याकाळी बँकेचं दार अर्धं ओढलं की आत पुकारा सुरू व्हायचा. दिवसभरात खात्यांवर जे जे चढलं ते हेडक्लार्क यज्ञेश्वरनाना पावत्यांवरून मोठ्यानं वाचणार. समोर बसलेला गोरक्ष नावाचा तरणा कारकून जाडजूड खतावणीत ते बघणार, लाल पेन्सिलीनं खूण करणार आणि म्हणणार, टिक.

सहादेव भीमा, मुंगी.

टिक.

मनकर्णा रंभाजी, घोटण.

टिक.

नानांचं घराणं पुराणिकांचं. वडील देवळात पोथी सांगायचे, आजोबाही सांगायचे. नानांच्या वाट्याला पोथी आली नाही, नोकरी आली, पण गळा वारशानं आला. आणि गळ्यासोबत तारतम्यही. कुणाच्या खात्यावर घसघशीत काही जमा झालं की नानांचा आवाज एकदम खाली उतरायचा, कारण बाहेर पायरीवर कान असतात. विधवेचं खातं आलं की आणखी खाली. पुढचं नाव आलं की पुन्हा वर. सगळं जुळलं की नाना दोन्ही हात टेबलावर टेकवून, छाती भरून एकच शब्द म्हणायचे:

"मिळालं!"

पायरीवर लिंबं-कोथिंबीर घेऊन बसलेली केशरबाई तो शब्द ऐकला की पाटी उचलायची. समोरचा शिंपी मशीनवर फडकं टाकायचा. चहावाला स्टोव्हची हवा सोडायचा. पेठेचा दिवस नानांच्या तोंडून मावळायचा आणि नानांना ते ठाऊक होतं. बोलून दाखवत नसत एवढंच.

सवत

दुष्काळाच्या वर्षी, बहात्तर साली, आषाढात नगरहून ट्रकमधून मशीन आलं आणि ट्रक ड्रायव्हरच्या शेजारी बसून नीलांबरी आली.

मशीन केवढं? शिंप्याची चार मशीनं एकाला एक बांधली तर केवढी होतील, तेवढं. पुढं बटनांच्या रांगा, वर लांबलचक गाडा, पोटात मोटर. गाड्यात खात्याचं जाड कार्ड घालायचं, बटनं दाबायची, की गाडा सरकत जाऊन आकडा छापायचा, बेरीज आपली आपण करायचा आणि कडेला पोचला की घंटी वाजवायचा. टिंग.

नीलांबरी केवढी? पंचविशीची. नगरच्या मुख्य कचेरीतली, पुण्याला जाऊन मशीन शिकून आलेली. शाखेतली पहिलीच बाई. आली त्या दिवशी कारकुनांना तिच्याकडं बघावं की मशीनकडं बघावं ते कळेना, म्हणून सगळे पंख्याकडं बघत बसले.

शिपाई रंगनाथ मात्र मशीन उतरवून घाम पुसत नानांजवळ आला.

"नाना, तुमची सवत आली बरं का. लई जड हाय."

नाना हसले नाहीत. नगरहून आलेलं परिपत्रक त्यांनी वाचलं होतं. दसरा झाला की मुख्य कचेरीचे तपासनीस येणार. शाखेतली माणसं मशीन चालवत असतील तर मशीन राहणार, खतावण्या कपाटात जाणार आणि पुकारा बंद होणार, कारण मशीनची बेरीज चुकत नाही असं परिपत्रकाचं म्हणणं होतं. माणसं चालवत नसतील तर मशीनही परत आणि बाईही परत.

म्हणजे नानांना काय करायचं होतं ते सरळ होतं. काही करायचं नव्हतं.

ते संघटनेचे शाखा-चिटणीस. त्यांनी स्वतःच्या वळणदार अक्षरात पत्रक लिहून भिंतीवर डकवलं: *कोणीही कर्मचाऱ्याने मशीनला हात लावू नये.*

शाखेचे एजंट, म्हणजे तेव्हाचे मॅनेजर, शामकांतसाहेब काचेच्या खोलीतून बाहेर आले, पत्रक वाचलं, चष्मा पुसला, पुन्हा वाचलं.

"अक्षर सुरेख आहे," एवढं म्हणून आत गेले.

आषाढ, श्रावण

बाई एकटी बसते. पावती बघते, बटनं बघते, कार्ड बघते. पुन्हा पावती. मान दुखते, चोळते. गाडा सरकतो, टिंग. चुकतं. कार्ड काढते, दुरुस्त करते. कुणी पावत्या आणून देत नाही, स्वतः उठून गोळा करते. कुणाला हाक मारत नाही. एजंटांकडं तक्रार नाही. गोरक्ष मुद्दाम जोरात म्हणतो, "दळन संपलं का न्हाई अजून?" ती म्हणते, "जरा जाडं पीठ झालंय, गोरक्षभाऊ, उद्या बारीक करते." सगळे हसतात. गोरक्षही हसतो आणि मग आपण का हसलो म्हणून रागावतो.

संध्याकाळी खतावणीचा पुकारा होतो. शाखेत दोन्ही चालू, हातही आणि मशीनही.

एके दिवशी ती खुर्ची घेऊन आली.

"नाना, मी बसू का इथं? नुसती ऐकते."

ऐकायला बंदी कुणालाच नव्हती. नाही कसं म्हणणार? ती बसली. दुसऱ्या दिवशीही बसली. नानांचा आवाज कुठं उतरतो, कुठं चढतो, कुठल्या गावानंतर कुठलं गाव येतं, ते ऐकत राहिली. इतकं कान देऊन नानांचा पुकारा आजवर कुणी ऐकला नव्हता, खुद्द गोरक्षनंही नाही. गोरक्षचं तर असं होतं, की मधेच त्याचं ध्यान सुटायचं, नाव निसटायचं, आणि तो न बघताच "टिक" म्हणून मोकळा व्हायचा. नानांना ते आवाजावरून कळायचं. ते बोलत नसत. दुसऱ्या दिवशी सकाळी लवकर येऊन तेवढं पान स्वतः बघत.

हात नाही

"नाना, एक विचारू?"

"विचारा."

"तुमच्या पत्रकात काय लिहिलंय?"

"भिंतीवर आहे. वाचलं असेल तुम्ही."

"वाचलंय. मशीनला हात लावू नये, असं आहे."

"मग?"

"आवाजाबद्दल काही नाही."

रंगनाथनं झाडणं थांबवलं. गोरक्षनं मान वर केली.

"म्हणजे?" नाना म्हणाले.

"माझे दोन्ही हात बटनांवर, डोळे बटनांवर. पावती वाचायला दुसरं माणूस लागतं. तुम्ही लांब बसा. हात नका लावू. नुसता आवाज द्या. तुम्ही पुकारा, मी ठोकते."

"नाना, ही फसवनूक हाय," गोरक्ष म्हणाला.

नाना भिंतीकडं बघत होते. अक्षर त्यांचं, शब्द त्यांचा. लिहिताना 'हात' लिहिलं होतं, 'आवाज' लिहिलेलं नव्हतं. आणि लिहिलेल्याच्या बाहेर नाना आयुष्यात गेले नव्हते. शिवाय एक विचार हळूच मनात आला. असा भरभर पुकारतो, की बाईची बोटं गुंततील. दोन दिवसांत स्वतःच नको म्हणेल. काम होईल आणि वाईटपणा येणार नाही.

"ठीक आहे," ते म्हणाले. "उद्यापासून."

दुसऱ्या दिवशी नाना सुटले. घोडं उधळावं तसे. नाव, गाव, आकडा, नाव, गाव, आकडा, मधे श्वास नाही. मशीन खडखडत मागं धावत होतं. मधेच ते थांबलं.

"पुन्हा," नीलांबरी म्हणाली.

नानांनी पुन्हा म्हटलं. चार नावं झाली.

"पुन्हा."

लाजणं नाही, चिडणं नाही. रडकुंडीला येणंही नाही. निसटलं तिथं "पुन्हा", आलं तिथं खट. दिवसभर तिनं कितीदा म्हटलं असेल देव जाणे, पण एकदाही अंदाजानं बटन दाबलं नाही.

नाना घरी जाताना रस्त्यात थबकले. गोरक्ष कधीच "पुन्हा" म्हणाला नव्हता. आपणही कधी, कुणाला, म्हणालो होतो का? आठवेना. त्यांना त्या मुलीचा राग यायला हवा होता. आला नाही. वेगळंच काही आलं. त्याला नाव देता येईना.

दुसऱ्या दिवसापासून त्यांचा पुकारा आपसूक मंदावला. तिच्या बोटांना बसेल असा झाला. मग असं झालं, की गाडा कडेला जाऊन टिंग झालं की नाना पुढचं नाव घ्यायचे. तबलजीनं समेवर यावं तसे.

भाद्रपद

कार्डांचा क्रम नगरहून नंबरानं लावून आला होता. नानांनी एकदा चिडून सांगितलं, "नंबरानं माणूस सापडत नाही, बाई. आमच्याकडं माणूस रस्त्यानं सापडतो. मुंगीचा माणूस आला की मागोमाग त्या वाटेवरची येतात, एकाच गाडीत बसून आलेली असतात."

"कुठला रस्ता आधी?"

नानांनी सांगितला. डोळे मिटून, गावामागून गाव, पोथी सांगावी तसा. ती लिहून घेत गेली नाही, कार्डंच उचलून लावत गेली. कार्डांच्या पेटीत मुंगीपासून रस्ता सुरू झाला आणि बोधेगावाकडं निघाला.

शामकांतसाहेबांनी पेटीत डोकावून कपाळाला हात लावला. "मुख्य कचेरीचा हुकूम नंबरांचा आहे हो."

"नंबर कार्डांवरच आहेत, साहेब. कुठं पळाले नाहीत."

साहेब हसले. ते फार हसत नसत. नंतर नानांना खोलीत बोलावून म्हणाले, "यज्ञेश्वरराव, मला एक कळत नाही. ही पोरगी एकालाही मशीनवर बस म्हणत नाही. मी असतो तर हुकूम काढला असता."

"आणि आम्ही तो पत्रकाशेजारी डकवला असता," नाना म्हणाले.

"म्हणून तर काढला नाही."

दोघांनी बाहेर पाहिलं. काचेतून मशीनवरची वाकलेली पाठ दिसत होती.

"पण हात लावलेला नाही मी," नाना म्हणाले.

"नाही, नाही. कोण म्हणतंय?"

खंडेनवमी

हत्यारांची पूजा. शेतकरी नांगराची करतो, सुतार करवतीची, बँक बँकेच्या हत्यारांची. खतावण्या रचल्या. दौती, टाक, पट्ट्या, पावत्या ओवायचा दाभण, तिजोरीच्या किल्ल्या, रंगनाथची केरसुणी. हार झेंडूचाच, पण विरळ. त्या वर्षी झेंडूलाही पाणी नव्हतं.

पूजा नाना सांगणार, ते वर्षानुवर्षं ठरलेलं. तांदूळ मात्र नव्हता. रेशनला आला नव्हता आणि काळ्या बाजारातला देवाला चालत नाही. मग या भागात लग्नात करतात तेच केलं. ज्वारी कुंकवात घोळून अक्षता केल्या. लाल, गोल, टपोऱ्या.

नीलांबरी सणाला नगरला गेली होती. मशीन कोपऱ्यात. रंगनाथनं सकाळीच त्याचं वरचं कापड काढून ते लख्ख पुसून ठेवलं होतं. मात्र पाटावर कुणी त्याला घेतलं नव्हतं, घेण्यासारखं ते नव्हतंही.

खतावण्यांवर अक्षता पडल्या. टाकांवर पडल्या. केरसुणीवर पडल्या. नाना हातात वाटी घेऊन उभे राहिले.

"हिला काय?" रंगनाथनं हनुवटीनं कोपरा दाखवला.

"सवतीची पूजा कोन करतंय?" गोरक्ष म्हणाला.

नानांनी वाटीतल्या अक्षता बोटांनी ढवळल्या. मग म्हणाले, "हत्यार आहे ते. हत्याराला आजच्या दिवशी नाही म्हणत नाहीत."

ते मशीनपाशी गेले. लांबूनच एक फूल टाकलं. मग मूठभर अक्षता. वाटीत उरल्या होत्या तेवढ्या सगळ्या. हात लावला नाही. हात लावायचा नव्हता. अक्षता बटनांवर पडल्या आणि सरीसारखा आवाज करत आत गेल्या. तांदूळ असता तर वर राहिला असता. ज्वारी घरंगळते.

दसऱ्यानंतर, सकाळ

नीलांबरीनं बटन दाबलं. मोटर घुरघुरली. गाडा अर्ध्यावर गेला, कण्हला, थांबला. जळकट वास आला. तिनं बटन बंद केलं.

तपासनीस दुपारच्या एस.टी.नं यायचे होते.

शाखेत कुणी हललं नाही. शामकांतसाहेब खोलीतून बाहेर आले. त्यांनी मशीनकडं पाहिलं, भिंतीवरच्या पत्रकाकडं पाहिलं, आणि मग, पाहायचं नसताना, नानांकडं पाहिलं.

"कुणी केलं हे?"

"साहेब," नीलांबरी म्हणाली, "कुणी काही केलंय असं अजून दिसलेलं नाही." तिचा चेहरा पांढरा पडला होता, पण आवाज सरळ होता. "पुण्याहून मेकॅनिक बोलवावा लागेल. आठवडा जाईल."

"आठवडा? दुपारी साहेब येतायत!"

गोरक्ष नानांच्या कानाशी आला. "नाना, देव पावला. कुनी हात लावला न्हाई, काय केलं न्हाई, आपोआप मेली. आता गप बसा फकस्त."

खरंच, गप्प बसायचंच काय ते होतं. आषाढापासून जे हवं होतं ते न मागता समोर येऊन बसलं होतं. मशीन जाईल. खतावण्या राहतील. संध्याकाळी दार अर्धं ओढलं जाईल, आणि "मिळालं!" राहील, पेन्शनीपर्यंत राहील. केशरबाई पाटी उचलील. कुणी दोष देणार नाही, कारण दोष कुणाचा ते कुणाला ठाऊक नाही.

नानांना ठाऊक होतं. गाड्याच्या पट्टीवर, खाचेत, एक लाल दाणा अडकलेला त्यांनी पाहिला होता.

त्यांनी दाण्यावरची नजर काढली. भिंतीकडं पाहिलं. पंख्याकडं पाहिलं. आणि त्यांना स्वतःच्याच मनात गोरक्षचा आवाज ऐकू आला, न बघता म्हटलेला: टिक.

"पुन्हा," नाना म्हणाले.

सगळे त्यांच्याकडं बघू लागले.

"पुन्हा नीट बघा, बाई. पट्टीच्या खाचेत. ज्वारी आहे. माझी आहे. नवमीला पूजा केली, मूठभर टाकली." विधवेच्या खात्यापेक्षाही खाली आवाज उतरला. "मोडायला नव्हती टाकली."

नीलांबरीनं वाकून दाणा नखानं काढला, तळहातावर घेतला. कुंकवाचा डाग पडला. ती दाण्याकडं बघत राहिली.

"तुम्ही पूजा केलीत हिची?" ती म्हणाली.

बस, एवढंच. दसऱ्यापर्यंतची सगळी मेहनत त्या तळहातावर होती आणि ती विचारत होती ते हे.

उघडणं

"उघडू या," ती म्हणाली.

"उघडू नये असं मशीनवरच लिहिलंय," शामकांतसाहेब म्हणाले.

"पुण्याला मेकॅनिकनं उघडलं होतं, साहेब. बाकीचे चहाला गेले, मी गेले नाही. निम्मं आठवतंय."

"आणि उरलेलं निम्मं?"

साहेबांनी चष्मा काढला, पुसला. मग खोलीत गेले, दार लावलं, आणि खुर्ची भिंतीकडं फिरवून पाठमोरे बसले.

रंगनाथ पळत जाऊन सायकलवाल्याकडून पेचकस घेऊन आला. आता प्रश्न पुढचा. काढलेलं कुठं होतं ते लक्षात कसं राहणार? स्क्रू सगळे सारखे दिसतात आणि एकही सारखा नसतो.

नानांनी कपाटातली सगळ्यात मोठी कोरी खतावणी काढली, काउंटरवर उघडली. तिच्या रकान्यांत एकेक वस्तू ओळीनं ठेवायची. जी निघेल तिचं नाव पुकारायचं.

"गोरक्ष, पेन्सिल घे."

"नाना, पत्रक?"

"पेन्सिल म्हणजे मशीन नव्हे. आणि ऐक. आज न बघता टिक केलीस, तर मला कळतं."

गोरक्ष कानापर्यंत लाल झाला. त्यानं पेन्सिल घेतली.

वरचं झाकण.

टिक.

झाकणाचे स्क्रू, डावीकडचे.

टिक.

उजवीकडचे.

पुन्हा.

उजवीकडचे, आखूड.

टिक.

घंटीची कमान.

टिक.

गाड्याची पट्टी.

टिक.

मग चौघांनी मिळून मशीन कलतं केलं. चौथं कोण? पुकारणाऱ्याचे हात रिकामे होते. कुणाच्या ध्यानात आलं नाही, त्यांच्याही नाही. पोटातून ज्वारी ओघळली, काउंटरवर टपटप पडली, जमिनीवर उड्या मारत गेली.

अर्ध्या दारातून केशरबाईनं डोकावलं.

"अगं बया, बँकेत ज्वारी दळताय व्हय? मला तर वाटलं नुसतं कागद दळत्यात."

"मावशी, बाहीर हो," रंगनाथ म्हणाला.

"व्हते. पन चाळून घ्या, लेकरांनो, खडं असत्यात."

एक दाणा तरीही राहिला. दोन पात्यांच्या मधे, खोल, जिथं पेचकस पोचत नव्हता. नीलांबरीची बोटं आखूड पडली. नानांनी पावत्या ओवायचा दाभण उचलला, बाही वर केली आणि हात कोपरापर्यंत मशीनच्या पोटात घातला.

"नाना," रंगनाथ हळूच म्हणाला, "हात."

"दिसतोय मला," नाना म्हणाले. "दिवा जरा इकडं धर."

आत ऊब होती. तेल होतं. पाती एकमेकांना इतकी बेतानं बसवलेली होती, की दाभण फिरवताना नानांनी श्वास धरला. ज्यानं कुणी हे घडवलं त्यानं कुठंही अंदाजानं काही ठेवलेलं नव्हतं. दाणा निसटला. तो बाहेर आला तेव्हा नानांच्या मनगटाला काळं तेल लागलं होतं आणि बोटांना कुंकू.

मिटणं

गाड्याची पट्टी.

टिक.

घंटीची कमान.

टिक.

उजवीकडचे, आखूड.

टिक.

डावीकडचे.

पुन्हा, नाना.

डावीकडचे.

टिक.

वरचं झाकण.

टिक.

खतावणीचे रकाने रिकामे. नीलांबरीनं बटन दाबलं. मोटर घुरघुरली, गाडा निघाला, अर्ध्यावर आला, अर्ध्याच्या पुढं गेला, कडेला पोचला.

टिंग.

"मिळालं!" नाना ओरडले. छाती भरून, दोन्ही हात काउंटरवर टेकवून. भर दुपारी.

बाहेर शिंप्यानं मशीनवर फडकं टाकलं. चहावाल्यानं स्टोव्हची हवा सोडली. केशरबाई पाटी डोक्यावर घेऊन उभी राहिली, सूर्याकडं बघितलं, बँकेकडं बघितलं, आणि कुणाचं ऐकावं ते तिला कळेना.

तपासनीस

तपासनीस बारीक अंगाचे, बारीक नजरेचे होते. त्यांनी मशीन पाहिलं, कार्डं पाहिली, रस्त्यानं लावलेली पेटी पाहिली. मग वाकून काउंटरखालून काहीतरी उचललं.

"हे काय?"

"पूजेची ज्वारी, साहेब," नाना म्हणाले. "मशीनवर मी टाकली. मशीन बंद पडलं. मग आम्ही ते उघडून साफ केलं."

"उघडलं? कुणाच्या परवानगीनं?"

काचेच्या खोलीचं दार उघडलं.

"माझ्या," शामकांतसाहेब म्हणाले.

नानांनी त्यांच्याकडं पाहिलं. साहेब चष्मा पुसत होते.

तपासनिसांनी दाणा खिशात टाकला. "बाईंची नेवाशाला बदली आहे. इथं मशीन चालवणार कोण?"

नीलांबरीनं एकदा सगळ्यांकडं पाहिलं. तिनं एकदाही कुणाला बस म्हटलं नव्हतं, आताही म्हणाली नाही. फक्त खुर्चीवरून उठली, आणि खुर्ची रिकामी राहिली.

नाना भिंतीपाशी गेले. पत्रक हळूच, फाटणार नाही असं सोडवलं, घडी करून खिशात ठेवलं. "संघटनेला मी कळवीन," ते कुणाला उद्देशून नव्हे असं म्हणाले. आणि येऊन खुर्चीत बसले.

"मग पुकारा बंद," तपासनीस म्हणाले. "परिपत्रकात तसं आहे."

"साहेब," नीलांबरी म्हणाली, "परिपत्रक नगरच्या मशीनचं आहे. शेवगावचं मशीन दोघांनी चालतं. एकाचे हात, एकाचा आवाज. महिन्याभरातलं एक कार्ड काढा हवं ते, चूक दाखवा."

त्यांनी काढलं. दुसरं काढलं. बऱ्याच वेळानं पेटी मिटली.

"असू द्या," म्हणाले. मशीन असू द्या की पुकारा, ते कुणी विचारलं नाही.

पुढील पानावर

नीलांबरी नेवाशाच्या एस.टी.त बसली त्या संध्याकाळी दार अर्धं ओढलं गेलं. नाना मशीनवर. दोन बोटांनी, एकेक बटन शोधत. समोर पावत्या घेऊन गोरक्ष.

"सहादेव भीमा, मुंगी," तो पुटपुटला.

"पुन्हा," नाना म्हणाले.

"सहादेव भीमा..."

"गोरक्ष, पोटातून काढ आवाज. शेतावर बैलाला हाकारतोस तेव्हा असा हाकारतोस का?"

"बैलाला कळतं तरी."

"मलाही कळू दे. पुन्हा."

गोरक्षनं घसा साफ केला. लाजत लाजत एक नाव म्हटलं, मग दुसरं. टिंग. तिसरं नाव त्यानं टिंगवर घेतलं, आणि आपण काय केलं ते त्यालाही कळलं नाही. एका खात्यापाशी तो आपसूक आवाज उतरवून बोलला. नानांची बोटं क्षणभर बटनांवर थांबली. हे त्यांनी त्याला कधी शिकवलं नव्हतं. मग बोटं पुढं निघाली.

शेवटचं कार्ड बाहेर आलं. गोरक्षनं नानांकडं पाहिलं. नानांनी मान हलवली: तू म्हण.

"मिळालं," गोरक्ष म्हणाला. मग जरा मोठ्यानं, "मिळालं!"

बाहेर काहीच झालं नाही. शिंपी शिवत राहिला. स्टोव्ह फरफरत राहिला. थोड्या वेळानं पायरीवरून केशरबाईचा आवाज आला.

"आत कोन वरडलं? नाना हाईत का न्हाईत? आमी उठायचं का बसायचं, सांगा की कुनीतरी!"

नाना बोटं झटकत दारात आले. मनगटावरचं तेल अजून पुरतं गेलं नव्हतं.

"उठा, केशरबाई," ते म्हणाले. "त्याचंच खरं. उद्यापासून तोच ओरडणार."

केशरबाईनं दाराआडच्या गोरक्षकडं वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"बारीक वरडतंय," ती म्हणाली, आणि पाटी उचलली.